मूळ अर्ज मागून येत आहे

माझा मुलगा राजाराम आणि त्याची मुलगी श्रावस्ती यांचं खरं भांडण मी आयुष्यात एकदाच ऐकलं. श्रावस्ती दहावी झाली होती. आमचं दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं ऐकू येतं. मी बाल्कनीत गवारीच्या शिरा काढत होते आणि आत बापलेकीची जुंपली होती.

"एवढे मार्क काय इतिहास घ्यायला मिळवलेस?"

"इतिहासाला कमी मार्कवालेच लागतात का, पप्पा?"

"नोकरी कुठे आहे त्यात? सांग ना, कुठे आहे?"

"तुम्ही ऑफिसात फायली लिहिता ना, पन्नास वर्षांनी त्या कुणीतरी वाचणार. तो कुणीतरी म्हणजे मी, असं समजा."

"माझ्या फायली वाचणाऱ्याला झोप येईल."

"मग बरंच आहे की. झोपायचा पगार. सरकारी नोकरीच झाली ती."

स्वयंपाकघरातून माझी सून यशोधरा फिस्सकन हसली, आणि तिथेच राजारामचा तोल गेला. आवाज चढला. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंनी टीव्ही बारीक केला, म्हणजे त्यांनाही नीट ऐकू यावं. शेवटी राजाराम दमला. म्हणाला, "कर तुला काय करायचं ते. पण एक अट. तुझा कुठलाही अर्ज मी बघितल्याशिवाय बाहेर जाणार नाही."

"डन," पोरगी म्हणाली.

अट अगदीच साधी वाटली मला. बाप म्हणून एवढं तरी त्याला हवंच की, असं मनात म्हणून मी गवार आत नेली.

राजारामला अर्जाचं एवढं का, ते सांगते. माझे यजमान अमरावतीकडून दिल्लीला आले ते एका मंत्रालयात दफ्तरी म्हणून. म्हणजे फायली बांधायच्या, या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. राजाराम त्याच खात्यात कारकून लागला आणि वर चढत सेक्शन ऑफिसर झाला. बापाने वाहिलेल्या फायलींवर मुलगा सही करायला लागला, ही काय लहान गोष्ट नाही. पण नोकरीच्या सुरुवातीला त्याने दुसऱ्या खात्यातल्या जागेसाठी थेट अर्ज केला होता, आणि त्याबद्दल त्याला मेमो मिळाला होता. साहेबाला न विचारता परस्पर अर्ज केलाच कसा? तेव्हापासून 'थ्रू प्रॉपर चॅनेल' हे त्याच्या अंगात मुरलं. आपला अर्ज आपल्या साहेबाकडे द्यायचा, साहेब तो पुढे धाडतो. आता साहेब तो टेबलाखाली ठेवून झोपला तर? म्हणून एक प्रत आधीच परस्पर पाठवून द्यायची आणि तिच्या डोक्यावर लिहायचं, 'अ‍ॅडव्हान्स कॉपी. मूळ अर्ज प्रॉपर चॅनेलमधून मागून येत आहे.' म्हणजे साहेबाचा मानही राहतो आणि आपली तारीखही चुकत नाही. आर. के. पुरममध्ये हे मलासुद्धा माहीत आहे, आणि मी चौथीत शाळा सोडलेली बाई.

"आपल्या माणसाच्या अर्जात लोक आधी खोट शोधतात, आई," राजाराम मला म्हणायचा. "म्हणून कोरी जागा सोडायची नाही." यात तो खोटं बोलत नव्हता. मी त्याचा मेमो आलेला दिवस बघितलेला आहे. दोन दिवस जेवला नव्हता तो.

श्रावस्तीने बी.ए. केलं, एम.ए. केलं, मग पीएच.डी.ला लागली. घरी अभ्यासाला जागा नाही, म्हणून मुनिरकात खोली घेतली. आमच्यापासून बसने दहा मिनिटं, पण दुसरंच जग. गल्ली एवढी अरुंद की वर बघितलं तर आकाशाच्या आधी वायरी दिसतात. तिथे तिच्याबरोबर केतकी राहायची. पुण्याची, वडील प्राध्यापक, जुन्या नाटकांच्या जाहिरातींवर अभ्यास करणारी. चांगली पोरगी. घरी आली की न सांगता भांडी घासायला उभी राहायची. यशोधरा ओरडायची, "अगं राहू दे," तर म्हणायची, "काकू, तुमच्या भाजीचे उपकार आहेत, जरा फेडू द्या."

श्रावस्तीचा विषय मला तिने मोबाइलवर फोटो दाखवून समजावला. आपल्याकडच्या डोंगरांत लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ती खोदायला साध्यासुध्या माणसांनी दान दिलं आणि दगडावर आपली नावं कोरून ठेवली. कुणी माळी, कुणी लोहाराची बायको, कुणी भिक्खुणी. एकीने पाण्याचं टाकं दिलं, एकीने नुसता बसायचा कट्टा. श्रावस्ती त्यातल्या बायका शोधत होती.

मी म्हटलं, "आपण नाही का विहारात पंखा दिला? पात्यावर नाव घातलं होतं तुझ्या मम्मीने."

"हो, आणि पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही."

"म्हणून तर त्या शहाण्या बायकांनी दगड निवडला."

ती एवढी हसली. म्हणाली, "आजी, हे वाक्य मी थिसिसमध्ये घालू?" घातलं की नाही मला माहीत नाही. थिसिस इंग्रजीत होता.

पण दगडही टिकत नाही. लेण्यांत पाणी झिरपतं, अक्षरं झडतात. काही नावं तर आता डोंगरावरून पार गेली. मात्र इंग्रजांच्या काळात कुणीतरी त्या अक्षरांवर ओला कागद चिकटवून, ब्रशने ठोकून ठसे घेतले होते, आणि त्यातला एक गठ्ठा फिरत फिरत जर्मनीतल्या एका लहानशा गावच्या संग्रहालयात जाऊन पडला होता. दगडावरून गेलेली नावं त्या कागदांवर होती. श्रावस्तीला ती वाचायची होती. तिच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यावर उभं होतं.

"फोटो मागव की," मी म्हटलं.

"मागवले होते. काळे डाग दिसतात नुसते. तो कागद दाबलेला असतो ना, तो हातात घेऊन तिरक्या उजेडात फिरवावा लागतो. मग अक्षर उठून येतं. स्वतःच जावं लागेल, आजी."

आता जायचं म्हणजे कुणाच्या तरी जिवावर जायचं. विज्ञानवाल्यांना म्हणे मशिनं मिळतात, प्रयोगशाळा मिळतात. इतिहासवाल्या पोरांना एक तिकीट मिळायची मारामार. त्या तिकिटाला ते 'ट्रॅव्हल ग्रँट' म्हणतात, आणि तीन महिने राहून अभ्यास करायला मिळाला तर 'फेलोशिप'. मागची काही वर्षं आमच्या घरी याच दोन शब्दांचा स्वयंपाक शिजत होता, आणि जेवायला कधी बसलोच नाही.

पहिली ग्रँट एका परिषदेला जायची होती. तिचा निबंध निवडला गेला. सरकारी मदतीचा नियम असा की जाण्याच्या पुष्कळ महिने आधी अर्ज करा, आणि सोबत निवडीचं पत्र जोडा. परिषदवाले पत्र देतात जायच्या जेमतेम दीड महिना आधी. म्हणजे लग्नाचा हॉलवाला म्हणतो पत्रिका दाखवा, आणि पत्रिकावाला म्हणतो हॉल कुठला ते सांगा. गेली ती परिषद.

दुसऱ्या वेळी एकांनी होकार दिला, पण आधी जाऊन या, विमानाचे कागद दाखवा, मग पैसे. राजाराम पीएफमधून काढायला निघाला. श्रावस्तीने ऐकलं नाही. "वीस मिनिटं बोलायला तुमचा पीएफ? बिल्कुल नाही, पप्पा." ती अडून बसली ती बसली.

मग थिसिस जमा केला आणि खरी गंमत सुरू झाली. एक योजना होती विद्यार्थ्यांना. ते म्हणाले, थिसिस दिलात, तुम्ही आता विद्यार्थी नाही. दुसरी होती कॉलेजात शिकवणाऱ्यांना. तिथे नोकरीचा दाखला हवा. तिसरी होती डॉक्टर झालेल्यांना. त्यासाठी पदवी हवी, आणि परीक्षक थिसिस घेऊन बसलेला, तो काही बोलेना.

"मग तू आहेस कोण?" मी विचारलं.

"मी पेंडिंग आहे, आजी."

राजारामला हा शब्द लागला. त्याच्या टेबलावरचं काहीही तो संध्याकाळी पेंडिंग ठेवून घरी येत नाही.

अशात गेल्या वर्षी त्या जर्मन गावाजवळच्याच एका फाउंडेशनची जाहिरात आली. थिसिस दिलेला चालतो, पदवी नसली तरी चालते, नोकरी नसली तरी चालते. तिकीट ते आधीच धाडणार. तीन महिने राहायचं आणि त्या संग्रहालयात बसायचं. श्रावस्ती जाहिरात वाचून दाखवत होती आणि मला वाटत होतं, ही पोरगी मध्येच थांबून आता 'पण' म्हणेल. 'पण' एकच होता. पुढच्या वर्षी ते संग्रहालय दुरुस्तीला बंद होणार होतं, चार-पाच वर्षं तरी. आणि ही फेलोशिप नवख्या संशोधकांची. दार उघडेपर्यंत श्रावस्ती नवखी राहणार नव्हती. म्हणजे यंदा गेली तर गेली.

केतकीनेही त्याच फाउंडेशनला अर्ज केला, तिच्या जाहिरातींसाठी. दोघी एकाच टेबलावर बसून लिहायच्या, एकमेकींचं इंग्रजी तपासायच्या.

रविवारी श्रावस्ती कागद घेऊन घरी आली. राजारामने चष्मा लावला, लाल पेन घेतलं. ही अट त्याने पंधरा वर्षं पाळली होती आणि तिनेही. खरं सांगायचं तर त्याच्या तपासण्याने अर्ज सुधारायचेही. स्पेलिंगची एक चूक सुटत नाही त्याच्या हातून.

"हे काय? ही जागा कोरी कशी?"

"ती संस्थाप्रमुखांच्या शिफारशीची आहे. असली तर द्या, असं लिहिलंय."

"असली तर म्हणजे असायलाच पाहिजे. हे मला शिकवू नकोस."

"पप्पा, माझी संस्थाच नाहीये आता. केतकीनं 'लागू नाही' लिहिलं."

"केतकीचं चालेल."

"का बरं? तिचं चालेल आणि माझं नाही?"

"चालेल म्हणजे चालेल," राजाराम म्हणाला आणि कागदाकडे बघत राहिला.

यशोधरा चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी. श्रावस्तीलाही कळलं तो काय म्हणतोय. वाद घातला असता तिने, पण बापाचा चेहरा बघून गप्प बसली. त्या गप्प बसण्याने घात केला, असं मला आज वाटतं. पण बापाच्या तोंडावर मेमो दिसत असताना कुठली पोरगी बोलेल?

मग राजारामने मार्ग काढला. तोच, नेहमीचा. एक प्रत विभागप्रमुखांच्या ऑफिसात द्यायची, सहीशिक्क्यानिशी ते पुढे धाडतील. आणि तोवर पोर्टलवर अर्ज चढवायचा, तारीख चुकायला नको. अर्जाच्या डोक्यावर त्याने स्वतः टाइप केलं: अ‍ॅडव्हान्स कॉपी, मूळ अर्ज प्रॉपर चॅनेलमधून मागून येत आहे.

"पप्पा, बाहेरच्या लोकांना हे काय कळणार?"

"इंग्रजीत आहे. आणि पद्धतही साहेबांचीच आहे, आपण नाही काढली."

"ते जर्मन आहेत!"

"साहेब तो साहेब. चढव."

तिने चढवला. लगेच पोचपावतीही आली. राजारामने ती छापून फायलीत लावली आणि मला म्हणाला, "बघ आई, याला म्हणतात केस पक्की करणं."

विभागाच्या ऑफिसात ती मूळ प्रत देऊन खेपा घालायला लागली, त्यातल्या एका खेपेला मी बरोबर होते. माझे डोळे तपासायला इस्पितळात गेलो होतो, येताना ती म्हणाली, "आजी, पाच मिनिटं, जरा डोकावून येऊ." डोळ्यांत औषध घातलेलं, मला सगळं धुरकट. पण कान शाबूत होते.

"हां मैडम, बोलिए," बाबू म्हणाला. वर बघून म्हणाला की न बघता, ते मला दिसलं नाही.

"सर, मेरी फॉरवर्डिंग का क्या हुआ?"

"आपकी तो थिसिस जमा हो गई ना? आप अब हमारी स्टूडेंट हैं नहीं. किस हैसियत से फॉरवर्ड करें?"

"पिछली बार आपने कहा था, नोट बनाकर ऊपर भेजेंगे."

"भेजा है. ऊपर से पूछा है, ये हैं कौन."

"तो आप बता दीजिए, सर. सात साल से आप मुझे जानते हैं. बेटी की शादी का कार्ड दिया था आपने."

"अरे, वो मैं जानता हूँ. फाइल थोड़े ना जानती है."

माणूस वाईट नव्हता. माझ्यासाठी खुर्ची मागवली, पाणी दिलं, श्रावस्तीच्या डब्यात काय आहे ते विचारलं. फक्त काम केलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "याला दोन शब्द सुनावले असते तर?"

"सुनावले असते तर पाणी नसतं मिळालं, आजी. काम काय, तसंही नाहीच."

दर दोन-चार दिवसांनी ती जायची. कधी विभागप्रमुख मॅडम सुट्टीवर, कधी शिक्का दुसऱ्या इमारतीत. फाउंडेशनची मुदत संपली. राजाराम निर्धास्त होता. "अ‍ॅडव्हान्स कॉपी पोचली ना? बस. मूळ प्रत ही नुसती रीत आहे."

मग एका दुपारी केतकीला निवड झाल्याचा मेल आला. तिने आधी पुण्याला फोन नाही केला, श्रावस्तीला केला. ती लायब्ररीत होती. धावत खोलीवर गेली, केतकीला मिठी मारली, आणि स्वतःचा मेल उघडायला बसली. हे सगळं मला केतकीने नंतर सांगितलं. श्रावस्तीने मेल वाचला, परत वाचला, लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, "चल, तुला पार्टी देते." गल्लीतल्या दुकानात जाऊन दोघींनी मोमो खाल्ले. केतकीने विचारलं तर म्हणाली, "नंतर सांगते, यार. आज तुझा दिवस आहे."

रविवारी ती घरी आली तेव्हा आम्ही जेवत होतो. राजारामने पहिला घास हातात धरून विचारलं, "काय झालं त्याचं?"

तिने मोबाइल काढून मेल वाचला, आणि माझ्यासाठी मराठीत सांगितला. ते लिहीत होते: आपल्या अर्जावरील सूचनेप्रमाणे आम्ही मूळ अर्जाची वाट पाहिली. मुदत संपल्यावरही आणखी काही दिवस पाहिली. तो न आल्यामुळे आपला अर्ज समितीसमोर ठेवता आला नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

यशोधराने वाढायचा चमचा खाली ठेवला.

"पण अर्ज पूर्ण होता," राजाराम म्हणाला. "सगळी कागदपत्रं होती. ती काय नुसती प्रत नव्हती, अर्जच होता तो!"

"त्यांना कसं कळणार? आपणच लिहिलं, खरा मागून येतोय."

"सगळ्या जगात अ‍ॅडव्हान्स कॉपी म्हणजे..."

"आर. के. पुरममध्ये, पप्पा. सगळ्या जगात नाही. आर. के. पुरममध्ये!"

आवाज चढला तो तेवढ्यापुरताच. मग ती एकदम खाली आवाजात म्हणाली, "त्यांनी मला नाही म्हटलंच नाहीये. नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझी वाट बघितली. माझ्यासाठी कुणी वाट बघतंय, हे पहिल्यांदा झालं, आणि मी इथे त्या बाबूच्या टेबलासमोर उभी होते, मी कोण आहे ते पटवून देत."

राजारामने घास परत ताटात ठेवला. "केतकीनं काय लिहिलं होतं त्या जागी?"

"लागू नाही."

"आणि चाललं."

"चाललं."

मला वाटलं ती आता म्हणेल, बघा, माझंही चाललं असतं. तिने ते म्हटलं नाही. म्हणाली असती तर राजारामला उत्तर द्यायला काहीतरी मिळालं असतं. नुसतं बसून राहणं त्याच्या फार जिवावर आलं. ताट सारून उठला आणि कॉम्प्युटरवर जाऊन बसला. फाउंडेशनला पत्र लिहायला घेतलं. नम्रपणे सादर करण्यात येते की वगैरे, दोन पानं. प्रॉपर चॅनेल म्हणजे काय, ते मुद्दे घालून समजावलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्र असेल ते. श्रावस्तीने पाठीमागे उभं राहून वाचलं. एक शब्द बदलला नाही. "पाठवा," म्हणाली.

उत्तर आलं, तेही सभ्य. ही पद्धत आम्हाला ठाऊक नव्हती, माहिती दिल्याबद्दल आभार, निवड पूर्ण झाली आहे. पुढील वर्षी जरूर अर्ज करावा. पुढच्या वर्षी संग्रहालयाला कुलूप, पण ते सांगायचं काम फाउंडेशनचं नव्हतं.

इकडे विहारात, तिकडे बाजारात जो भेटेल तो श्रावस्तीला विचारी, "जर्मनीचं काय झालं?" आमचे लोक फार आशेने विचारतात. शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊन शिकून आलेल्या बापाची आम्ही लेकरं. पोरगी परदेशी जाणार म्हटलं की अख्ख्या वस्तीची मान ताठ होते. मग ती मान खाली घालायचं काम एकट्या पोरीवर येतं. "नाही झालं, काका," ती म्हणायची. लोक म्हणायचे, "काय हरकत नाही, अजून कर." कुठे कर, कशासाठी कर, ते कुणाला विचारायचं नसतं. मलाच संताप यायचा. एकदा मी एका बाईंना म्हटलं, "तुम्हीच भरा आता एक फॉर्म, बघू."

केतकी जायच्या आधी निरोप घ्यायला आली. मिठाई आणली होती, ती पिशवीतून काढायला तिला लाज वाटत होती. मीच काढली. ती श्रावस्तीला म्हणाली, "मी त्या गावाला जाऊन येईन ना. तू नंबर दे, मी एकेक कागद बघते, फोटो काढते, तू सांगशील तसा उजेड टाकते."

"तुला लिपी येते का?"

"नाही. पण व्हिडिओ कॉलवर..."

"वाचनकक्षात फोन चालत नाही, केतू. मी नियम पाठ केलेत त्यांचे." मग तिचा हात धरून म्हणाली, "तू तुझं काम कर. तीन महिने म्हणजे काहीच नसतात. माझ्यासाठी एक दिवससुद्धा घालवू नकोस."

केतकी रडली. हीच तिची समजूत घालत बसली. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, ज्याचं बुडालं त्यानेच दुसऱ्याचे डोळे पुसायचे, हा कुठला न्याय. पण केतकीचा तरी त्यात काय दोष? भांडायला समोर कुणी धड सापडत नाही, हेच या प्रकरणात सगळ्यात वाईट. बाबू पाणी देतो, जर्मन आभार मानतात, बाप प्रेमाने बुडवतो.

परवा श्रावस्तीने पुस्तक छापणाऱ्यांना कळवून टाकलं. शेवटचं प्रकरण येणार नाही, आहे तेवढं घ्या. रात्रीची वाट बघितली नाही, कुणाला विचारलं नाही. दिवसाढवळ्या, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. राजाराम समोरच पेपर वाचत होता. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला नाही. त्यानेही चष्मा काढून ठेवला, म्हणजे तिला वाटू नये की आपण बघतोय.

"त्या बायकांचं काय मग?" मी विचारलं. "जर्मनीतल्या?"

"असतील तिथेच. गठ्ठ्यात."

"पुस्तकात त्यांच्याबद्दल काहीच नाही?"

"एक ओळ आहे. आणखी काही नावं असावीत, ती पाहता आली नाहीत." तिने लॅपटॉप मिटला. "का पाहता आली नाहीत, ते लिहायची पद्धत नाही, आजी."

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. राजाराम म्हणाला, "मी जातो, आज हाफ डे टाकतो." ती म्हणाली, "तुम्ही कशाला? मी जातेच ना दर महिन्याला." माझं कार्ड घेतलं, कापडी पिशवी घेतली, मला रिक्षात बसवलं. सरकारी दवाखान्यात आधी टोकन, मग डॉक्टरांची सही, मग औषधाची खिडकी. मी बाकावर बसले, ती रांगेत उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ मध्ये घुसत होते, त्यांना "अंकल, लाइन इधर से है" म्हणून नीट मागे नेऊन उभं केलं. खिडकीवरच्या माणसाने कागद परत सरकवला, "मैडम, इस पे साइन नहीं दिख रहा." ती डॉक्टरांच्या खोलीबाहेर परत उभी राहिली, सही घेऊन परत आली. गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून तारीख बघून पिशवीत टाकल्या. एक गोळी नव्हती, ती परवा येणार होती.

घराच्या कोपऱ्यावर मला उतरवून तिने पिशवी माझ्या हातात दिली. "सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी, उलट करू नकोस. परवाची मी आणते." मग रस्ता ओलांडून मुनिरकाच्या बससाठी उभी राहिली.